ज्याच्या त्याच्या पायाचं माप

देवबाग, १४ फेब्रुवारी

मामा,

पाया पडते. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडायचं आणि तू तिकडून "कोण? कोण?" करत राहायचं. जहाजाच्या इंजिनरूमने तुझे कान खाल्ले, आणि मोबाइलवर अंगठ्याने लिहिलेलं तू वाचत नाहीस. म्हणून हे पत्र, शाळेनंतर पहिल्यांदाच हातात पेन धरून.

बातमी अशी की आमच्या गावाचं बचाव पथक झालं. गेल्या पावसाळ्यात एकीकडून दर्या आणि दुसरीकडून खाडी, दोघं आमच्या रस्त्यावरच भेटली होती. मालवणहून मदत येईपर्यंत आम्हीच एकमेकांना ओढून शाळेत नेलं. तेव्हाच ग्रामपंचायतीत ठरलं की गावातलीच माणसं तयार ठेवायची. पथकाचा पुढारी सर्वेश आहे. पर्यटकांना पाण्यात उतरवायचं काम करतो, स्वतः माशासारखा पोहतो. आम्ही चार बायकाही आहोत, आणि सगळ्या सामानाची निवड माझ्याकडे आली आहे. मी का, असं विचारलं तर सरपंच म्हणाले की तुमच्या होमस्टेमध्ये सुई शोधली तरी पहिल्या हाताला सापडते.

दोऱ्या, शिट्ट्या, लाइफ जॅकेट यांचं प्रीतमला समजतं. नवऱ्याची होडी असली की तेवढा फायदा असतो. अडलंय ते पायाशी. पथकातल्या बहुतेकांना पिवळे गमबूट हवेत, गुडघ्यापर्यंतचे. मलाही तेच बरे वाटतात, पाणी आत येणार नाही. सर्वेशला काहीच नको. म्हणतो, "माका बूट कित्याक? मी जन्मल्यापासून वाळूतच चलतंय."

तू सारा जन्म लोखंडाच्या जहाजावर काढलास. पायात काय घालावं ते सांग. जत्रेला मसुऱ्याला मामीच्या माहेरी येशीलच, तेव्हा समोर बसून सविस्तर बोलू.

अनुजा


रेडी, २२ फेब्रुवारी

चि. अनुजा,

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं आणि मी तीनदा. अक्षर कोंबडीच्या पायासारखंच राहिलं आहे, पण प्रश्न शहाणा आहे.

गमबूट रद्द कर. सगळे नको म्हणत नाही. शाळेत पेज शिजवणाऱ्यांना, चिखल काढणाऱ्यांना असू देत. पण वाहत्या पाण्यात जाणाऱ्या माणसाला गमबूट देऊ नकोस. पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर जायला वाट नाही. पाण्यान भरलेलो गमबूट म्हणजे पायाक बांधलेली कळशी. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, खाडीत उतरून बघ. गुडघाभर पाण्यात, कमरेला दोरी बांधून, आणि ज्याला सगळं येतं त्यालाच उतरव.

सर्वेशला सांग की वादळात वाळू वाळूसारखी राहत नाही. छपराचे पत्रे, त्यांचे खिळे, फुटलेल्या बाटल्या, तुटलेल्या होडीच्या फळ्या, सगळं गढूळ पाण्याखाली असतं आणि दिसत काही नाही. बुटाच्या तळाच्या आत पोलादी पत्रा असलेले बूट मिळतात, कारखान्यातली माणसं घालतात. घोट्यापर्यंतचे घे. नाडीचे घे, चेनचे नको, चेन खाऱ्या पाण्यात एका हंगामात गंजून बसते. वर चामडं नको, ते भिजलं की दोन दिवस वाळत नाही. जाळीदार कापडाचे घे, म्हणजे पाणी आत आलं तरी बाहेरही जाईल.

आणि मुख्य गोष्ट. मोबाइलवर सगळ्यांचे नंबर मागवू नकोस. माणसं आपल्या पायाचा नंबर खोटा सांगतात, लग्नाच्या वेळचा सांगतात. प्रत्येकाचा पाय कागदावर ठेवून भोवती रेघ मार. संध्याकाळी मार, दिवसभर उभं राहून पाय फुगतो तेव्हा. दोन्ही पायांची मार, दोन पाय सारखे नसतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि टाच उचलली जाता कामा नये. उतारावरून चालायला लाव. बोटं पुढे आपटली की ते बूट परत.

मी एकदा बिस्के उपसागरात, तुझी आई तेव्हा परकर नेसत होती, दुसऱ्याचे बूट घालून डेकवर धावलो होतो. एक नंबर मोठे होते. कसा वाचलो ते सांगायला अजून आहे एवढंच.

जत्रेचं नक्की सांगत नाही. घरात कामं आहेत.

तुझा,
हरिश्चंद्र मामा


देवबाग, १२ मार्च

मामा,

आला नाहीस. मामी एकटीच आली, आणि तुझ्याबद्दल विचारलं की पदराने कपाळ पुसत "ते येतले पुढल्या वर्षी" एवढंच म्हणायची. तुझ्यासाठी प्रसाद पाठवला तो पोचला असेल. आपलं जत्रेतलं बोलणं राहिलं याचा मला राग आला आहे, हे लिहून ठेवते.

आता खाडीचं ऐक. ओहोटीला सर्वेशला गमबूट घालून उतरवला. कमरेला दोरी, दोरीचं टोक प्रीतमच्या हातात. काठावर अर्धा गाव. सर्वेश हसत हसत गेला. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. मांडीपर्यंत पाणी आलं तसं बुटात शिरलं आणि तो थांबला. पाय उचलायला गेला तर बूट खालच्या चिखलात बसलेला, आणि दुसरा पाय उचलावा तर पहिल्यावर भार. हसणं बंद झालं. प्रीतमने दोरी ताणली तेव्हा एक बूट तिथेच ठेवून तो बाहेर आला. काठावर बसून उरलेला बूट काढला आणि म्हणाला, "वयनी, तुझ्या मामाक माझो नमस्कार सांग." तो सांगते आहे.

मग मी रेघा मारल्या. एका संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांचे पाय. तुझं खरं निघालं, पथकातल्या मंगेशने आठ नंबर सांगितला होता आणि पाय दहाचा. तो गेली कित्येक वर्षं बोटं दुमडून चालतोय आणि चप्पल वाईट म्हणून शिव्या देतोय.

कुडाळच्या दुकानदाराने नमुने आणले. पुरुषांचे ठीक होते. आम्हा बायकांपुढे त्याने पुरुषांचेच लहान नंबर ठेवले. मथुराला तू ओळखतोस, आमच्या शेजारची, मासळी विकते, एका हाताने बर्फाची पेटी उचलते. तिची टाच त्या बुटात डुगडुगत होती. दुकानदार म्हणाला, दोन मोजे घाला. पथकातले दोघेतिघेही म्हणाले की घ्या चालवून, बायकांना कुठे पाण्यात जायचंय. मी म्हटलं की जायचं नसेल तर आमची नावं काढा, आणि जायचं असेल तर टाच बसली पाहिजे. मथुराने ते बूट पायातून काढले आणि दुकानदाराच्या पिशवीत परत भरले. आता बायकांच्या मापाचे मुंबईहून येणार आहेत. उशीर होईल, पण पावसाआधी येतील.

बूट आले की बघायला तू ये. खरंच ये. तुला वेळ नाही हे मला पटत नाही, निवृत्त माणसाला कसली कामं?

अनुजा


रेडी, २६ मार्च

चि. अनुजा,

मथुराबद्दल वाचून बरं वाटलं. तिला पथकात पुढे ठेव.

आता बूट आल्यावरचं सांगतो, कारण लोक घेताना शंभर प्रश्न विचारतात आणि घेतल्यावर विसरतात. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवायचे, आतूनही. आतला तळवा काढून वेगळा वाळवायचा. उन्हात ठेवायचे नाहीत, गोंद सुटतो. सावलीत, वाऱ्याला, आत वर्तमानपत्र कोंबून. मीठ राहिलं की शिवण खातं. बॅटऱ्यांतले सेल काढून वेगळे ठेव, नाहीतर ऐन वेळी आत हिरवी बुरशी सापडेल. लाइफ जॅकेट पाण्यात घालून त्यात माणूस तरंगतो का ते दर हंगामाआधी बघ. उन्हाने कापड पांढरं पडलं असेल तर शिवण बोटांनी ओढून बघ.

सगळ्यात महत्त्वाचं, बूट कपाटात ठेवू नका. काही बुटांचा तळ न वापरताच भुगा होतो. आमच्या जहाजावर नव्या कोऱ्या बुटांची पेटी उघडली तेव्हा तळ हातात केकसारखा आला होता. आणि न वापरलेला बूट पाय सोलतो. प्रत्येकाने घरी नेऊन घालायचे. बाजारात, होडीवर, लग्नाला सुद्धा. झिजू देत. झिजलेला बूट पायाला ओळखतो.

एक विचारायचं होतं. माझा एक जुना मित्र आहे, जहाजावरचा. त्याचा पाय हल्ली सुजतो, कुठलेच बूट जात नाहीत, चप्पलही करकचते. तुझा तो कुडाळचा दुकानदार रुंद काही करून देईल का? घाई नाही. सहज विचारलं.

येण्याचं म्हणशील तर माका हल्ली बसचो प्रवास नको वाटता. तूच लिहीत जा. प्रसाद पोचला. मामी मला त्यातला साखरेचा कणही देत नाही.

तुझा मामा


देवबाग, १२ मे

मामा,

बूट आले. माझे मला इतके नीट बसले की मी दोन दिवस तेच घालून नाश्त्याचे घावणे वाढले. पाहुणे विचारतात की मॅडम, ट्रेकला निघालात का.

पण तुझ्या "कपाटात ठेवू नका"वरून ग्रामपंचायतीत मोठी चर्चा झाली. सरपंचांचं म्हणणं की ही गावाची वस्तू आहे. तालुक्याहून साहेब बघायला आले तर कपाट उघडून नवं कोरं दाखवता आलं पाहिजे. लोक घरी नेऊन बाजाराला घालतील, झिजवतील, कोणी विकेलही. त्यांचंही चूक नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं की साहेब आले तर पथकच उभं करते, साहेबांनी पायात बघावं. आणि पाणी वाढलं की कपाटाची किल्ली कोणाकडे असेल? किल्लीवाला पहिला कुठे अडकला असेल? मग सर्वेश उठला आणि म्हणाला की मी बूट नको म्हणणारा माणूस, आणि मी सांगतो, घरी द्या. द्यायचं ठरलं, पण माझ्या जबाबदारीवर. काही हरवलं, बिघडलं तर मी उत्तर द्यायचं. मी हो म्हटलं. रात्री झोप लागली, तेव्हा निर्णय बरोबर असावा.

मंगेश तेवढा बूट घालत नाही. खोक्यातच ठेवलेत, म्हणतो चांगले राहू देत. दोनदा सांगितलं.

तुझ्या मित्राचं दुकानदाराला विचारलं. रुंद करून मिळतील, पायाची रेघ कागदावर पाठव. पण मामा, त्या गृहस्थाला आधी डॉक्टरकडे पाठव. आमच्या प्रशिक्षणाला आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं की साखरेच्या माणसाचा पाय सुजला, बधिर झाला तर वाट बघत बसू नये. त्याला सांग, माझी भाची ओरडते आहे. तुझ्यासारखाच हट्टी असेल तर तू स्वतः धरून ने.

समुद्रात काहीतरी शिजतंय असं प्रीतम म्हणतो. होड्या वर ओढायला सुरुवात झाली आहे. तुमच्या घरावरचे कौलाचे कोने, ते आढ्यावरचे, बघून घे.

अनुजा


देवबाग, २ जून

मामा,

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी. फोनचे टॉवर पडलेत, वीज नाही. वेंगुर्ल्याकडे निघालेल्या एका टेंपोवाल्याकडे हे पत्र देते आहे. तुमची काही खबर नाही. मिळेल त्याच्या हाती दोन ओळी पाठव.

वादळ सकाळी आलं. इशारा आदल्या दिवशीच होता, त्यामुळे बहुतेक घरं संध्याकाळपर्यंत रिकामी करून माणसं शाळेत नेली होती. राहिला होता एकटा बाबू आजा. खाडी दर्याला मिळते त्या संगमाकडच्या टोकाला त्याचं घर, ना बायको ना मूल, फक्त एक होडी. येतो येतो म्हणाला आणि आला नाही. सकाळी मोजदाद केली तेव्हा कळलं. तोवर रस्त्यावर पाणी होतं आणि नारळाची झावळं भाल्यासारखी येत होती.

सर्वेश, मथुरा, मंगेश आणि मी निघालो. प्रीतमला होडी घालायची होती, पण त्या वाऱ्यात होडी उलटली असती, म्हणून चालत. एका दोरीला चौघं, डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट. पाणी कुठे घोट्याला, कुठे मांडीला. तू म्हणाला होतास तसंच, खाली काय आहे ते दिसत नव्हतं, फक्त पायाला लागत होतं. कोणाच्या तरी पडवीचे पत्रे रस्त्यावर आडवे झाले होते. त्यावरून जाताना सर्वेश एकदम थांबला. त्याने पाय उचलला तर पत्र्याचा तुकडाच वर आला, बुटाला खिळ्याने अडकलेला. मी तो ओढून काढला. खिळा बोटाएवढा होता आणि आतल्या पोलादावर वाकला होता. सर्वेशने पाय खाली टेकवून बघितला, पुन्हा टेकवला आणि चालायला लागला. तो खिळा त्याने खिशात टाकला.

निम्म्या वाटेत मंगेश मागे पडला. नवे कोरे बूट, ओले मोजे. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. त्याला एका घराच्या ओट्यावर बसवलं, शिट्टी दिली आणि सांगितलं की परत येताना घेऊ. रडवेला झाला होता. रागावण्याची ती वेळ नव्हती.

बाबू आजा घरात नव्हता. होडी माडाला बांधली होती आणि तो होडीत बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, "होडी सोडून मी खंयच येवचंय नाय."

सर्वेश उचलायला पुढे झाला, पण मथुराने त्याला हाताने थांबवलं. ती होडीच्या काठाला धरून उभी राहिली, पाणी तिच्या कमरेला होतं, आणि रोज बाजारात बोलते तशी बोलली. "आजा, होडी बांधलली आसा. तू बांधलंलो नाय. तू व्हावान गेलंस तर होडयेक कोण बघतलो?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माडाच्या गाठीकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

त्याच्या घरातल्या खुर्चीला दोरी बांधून त्याला बसवला आणि खुर्ची उचलून आणली. पुढे मथुरा आणि सर्वेश, मागे मी एकटी. सगळा भार पुढे होता. उतारावर मथुराचा पाय एकदाही सरकला नाही. बूट डुगडुगत असता तर काय झालं असतं याचा मी विचार करणार नाही ठरवलं आहे. वाटेत मंगेशला घेतलं, तो बुटांच्या नाड्या सैल करून, लंगडत, खुर्चीला मागून हात देत आला.

शाळेत पोचल्यावर सरपंचांनी माझ्या बुटांकडे बघितलं. चिखलाने ओळखू येत नव्हते. म्हणाले, "धुवून टाका हां." एवढंच म्हणाले, पण मला पुष्कळ होतं.

आता तेच करते आहे. शाळेच्या विहिरीवर रांगेने बूट धुतले, आत कागद कोंबले. मामा, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे झालं. सर्वेशची बायको म्हणाली की रेडीला जाऊन त्या मामांच्या पाया पडायला हवं.

लवकर लिही.

अनुजा


रेडी, ६ जून

अनुजाक आशीर्वाद.

मी काशीबाई मामी लिहितंय. सातवीपर्यंत शाळा झाली, तशी चूकभूल समजून घे. फोन लागत नाही म्हणून पत्र. लागला असता तरी मी आजवर गप्प बसले होते. त्यांनी शपथ घातली होती. आता शपथ मोडते.

तुझा मामा गोव्याच्या इस्पितळात आहे. घाबरू नको. जिवाला धोका नाही असं डॉक्टर सांगतात.

पाय सुजणारा मित्र कोणी नाही. तो हाच. वर्षभर पायाला मुंग्या, मग सूज, मग काहीच कळेना झालं. साखर आहे हे माहीत होतं, डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, दुखत नाय तर दाखवू कित्याक? जत्रेला आले नाहीत ते पायात चप्पल जात नव्हती म्हणून. जत्रेत अनवाणी कसं जायचं, भाची बुटांचं विचारते आणि मामा अनवाणी, असं म्हणायचे.

वादळात शेजाऱ्यांचा पत्रा आमच्या अंगणात उडून आला. तो दाराला बांधायला हे गेले. मी म्हटलं, काहीतरी घाला पायात. खाटेखालचे जहाजावरचे बूट काढले, घालून बघितले, पाय जाईना. तसेच गेले. पत्रा बांधून आले, चहा मागितला. मी चहा घेऊन वळले तर फरशीवर रक्ताची पावलं. दारापासून खुर्चीपर्यंत. मी ओरडले. ते म्हणतात, कोणाचं रक्त?

खिळा तळव्यात गेला होता आणि त्यांना कळलं नव्हतं. रस्ता मोकळा होईपर्यंत मीच पट्टी बांधली. तोवर पाय काळा पडायला लागला. काल एक करंगळी काढली. बाकीचा पाय राहील म्हणतात, जपला तर.

तुझं पत्र इस्पितळात वाचून दाखवलं. खिळा वाकला तिथे आल्यावर डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, पुन्हा वाच.

तू ये. त्यांना नको सांगू मी बोलावलं म्हणून.

मामी


देवबाग, २५ जून

मामा,

इस्पितळात तुझ्याशी भांडले त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडलास, मी बोलत राहिले, आणि तुझे कान असे की शेजारच्या तीन खाटांना सगळं कळलं. समोरच्या खाटेवरचे काका आता स्वतःचा पाय रोज तपासतात, असं तिथल्या नर्सबाई म्हणाल्या. म्हणजे अगदीच फुकट गेलं नाही.

तू एकच वाक्य बोललास. जहाजावर सगळ्यांचे बूट तपासणारा माणूस मी, मी कोणाला पाय दाखवू? त्याचं उत्तर आता लिहिते. मला दाखवायचा. गावभरच्या पायांभोवती मी रेघा मारल्या आहेत, तुझ्या पायाने मी दचकणार होते का?

सोबत पार्सल आहे. तू झोपला होतास तेव्हा पट्टीसकट तुझ्या पायाची रेघ काढून आणली. दुकानदाराने डॉक्टरांशी बोलून बनवलंय, मऊ तळवा, रुंद पुढा, आत कुठे शिवण टोचत नाही, वर पट्टे सैल-घट्ट होतात. घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा, खिळा काही आहे का ते. रात्री नाही, रोज सकाळी उजेडात आरशावर तळवा धरून बघायचा. आरसा जमिनीवर ठेवला की वाकावं लागत नाही. घरातसुद्धा अनवाणी नाही.

हे सगळं नियम म्हणून सांगते आहे. तूही मला असंच सांगितलं होतंस आणि मी ऐकलं.

अनुजा


रेडी, ३० ऑगस्ट

चि. अनुजा,

दोन महिने लिहिलं नाही. रागावलो नव्हतो. जखम भरेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणजे खोटं लिहावं लागणार नाही. परवा डॉक्टरांनी पट्टी कायमची काढली.

तुझं पायताण दिसायला हत्तीच्या पायासारखं आहे. पण घातलं की पाय आत निवांत बसतो. रोज सकाळी बंदराच्या रस्त्यापर्यंत जातो आणि येतो. आरशाचं काम काशीने आपल्याकडे घेतलं आहे. जहाजावरचा कप्तान बरा होता.

आता ऐक. तुमच्या देवबागची गोष्ट इकडे पोचली आणि आमच्या गावानेही पथक करायचं ठरवलं. सामान निवडायला माणूस हवा, तर कोणीतरी माझं नाव घेतलं. गेल्या रविवारी सगळे माझ्या घरापुढच्या खळ्यात, अंगणात आले. बंदरावर काम करणारे चौघे, दोन होडीवाले, अंगणवाडीतली सीता, आणखी काही. दुकानातून नमुन्याचे बूट आणून रांगेने ठेवले होते. मी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, गमबूट, पोलादी पत्रा, टाच, सगळं.

उभा राहिलो आणि ते काहीच बोललो नाही. स्टुलावर पाय ठेवला, पट्टे सोडले आणि पायताण काढलं. तुला सांगतो, बिस्केच्या लाटेपुढे उभं राहणं सोपं होतं. चार बोटांचा पाय, तळव्याला खड्डा, कातडी रंग गेलेली. सगळे बघत होते. काशी दारात उभी होती.

मी म्हटलं, "ह्यो पाय दर्यात नाय फुटलो. हयच, ह्या खळ्यात फुटलो. माका कळलाच नाय, आणि मी कोणाक सांगूकच नाय."

मला वाटलं, चुकलं. मग सीतेने चप्पल काढली आणि टाच वर करून दाखवली, भेग अशी की त्यात नखं जावीत. म्हणाली, चार महिने झाले, वेळ मिळत नाही. मग होडीवाल्यांपैकी एकाने पाय पुढे केला, बोटांमध्ये पांढरं पडलेलं. बंदरावरच्या एकाने सांगितलं की रात्री तळवे जळतात, घरी बोललो नाही. एकेकाने काढले. माझ्या खळ्यात चपलांचा ढीग झाला आणि नमुन्याचे बूट बाजूलाच राहिले.

त्या दिवशी बुटांचं बोलणं झालंच नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांचे पाय बघत बसलो.

तिघांना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं आहे, सोमवारी सकाळच्या गाडीने. मी त्यांच्याबरोबर जातो आहे. बसस्टॉपपर्यंत चालत.

तुझा मामा,
हरिश्चंद्र